वाण एकट्याचा नसतो

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात. भात शिजला की नाही एवढेच ती परीक्षा सांगते. परंतु त्याच शिताची आणखी एक परीक्षा करता येते, आणि ती करण्याची वेळ आता आली आहे असे आम्हांला वाटते. हे शीत आले कोठून? ते घडवले कोणी? त्यावर हक्क कोणाचा? आणि आमच्या नातवंडांच्या पानातही ते पडेल, याची तजवीज कोणी करायची?

गोमंतकाच्या शेतांत गेली अनेक दशके ‘जया’ आणि ‘ज्योती’ या दोन वाणांचे राज्य आहे. सकाळच्या पेजेला आणि दुपारच्या भाताला ही नावे आता इतकी घरची झाली आहेत की ती कधीकाळी पाहुणी म्हणून आली होती, याची आठवणही उरलेली नाही. ‘ज्योती’ केरळातील पट्टांबीच्या संशोधन केंद्रातून १९७४ साली आली. ‘जया’ तिच्याहून थोडी वडील. ती १९६८ साली, म्हणजे गोवा मुक्त झाल्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, प्रसारित झाली. तिचे जन्मगाव हैदराबाद. तिच्या जन्माची कथा सांगितल्यावाचून आजच्या प्रश्नाकडे वळणे बरोबर होणार नाही.

हैदराबाद म्हटले की मराठी वाचकाला प्रथम आठवतो तो तेथील मुक्तिसंग्राम. उस्मानिया विद्यापीठ आणि त्याला लागून असलेले विद्यानगर हा परिसर त्या संग्रामाच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे. १९३८ साली वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून शेकडो विद्यार्थ्यांना त्या विद्यापीठाचे दरवाजे बंद झाले. त्यांत मराठवाड्यातून शिकायला आलेली मुले होती, तेलंगणातील होती, कर्नाटकातील होती. पुढे १९४८ साली ते संस्थान भारतात विलीन झाले. ज्या परिसरातून विद्यार्थ्यांना हाकलले गेले, त्याच परिसराच्या आसपास स्वतंत्र भारताने विद्येची नवी ठाणी उभी केली. विद्यानगरहून तार्नाक्याकडे निघावे तर तेथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. कुन्नूर येथे १९१८ साली लहान स्वरूपात सुरू झालेले ते काम १९५८ साली हैदराबादेस आले. थोडे पुढे हबशीगुड्यास पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र आहे. लोक त्याला सीसीएमबी म्हणतात. १९७७ साली स्थापन झालेल्या या केंद्राचे पहिले संचालक डॉ. पुष्पमित्र भार्गव होते. शहराच्या नैऋत्येस राजेंद्रनगरात भारतीय भात संशोधन संस्था, तर वायव्येस पाटणचेरूला १९७२ पासून कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था इक्रिसॅट काम करीत आहे. तिच्या बीजपेढीत ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर आणि भुईमूग यांचे सव्वा लाखाहून अधिक नमुने जतन केलेले आहेत. एका शहराच्या परिघात बीजविद्येच्या इतक्या संस्था एकत्र नांदत असल्याचे दृश्य आपल्या देशात क्वचितच दिसेल.

राजेंद्रनगरच्या संस्थेचे मूळ १९६५ सालच्या अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्पात आहे. ते वर्ष आठवावे. देश अन्नाला महाग झाला होता. परदेशी गव्हाची जहाजे बंदराला लागली की चुली पेटत, असे दिवस होते. तोवर भातसंशोधन प्रांताप्रांतांत विखुरलेले होते. एका प्रांतातील संशोधकाच्या हाती काय लागले, हे शेजारच्या प्रांताला कळायला वर्षे लागत. या प्रकल्पाने सारी केंद्रे एका सूत्रात ओवली. डॉ. एस. व्ही. एस. शास्त्री हे त्याचे समन्वयक होते आणि रॉकफेलर प्रतिष्ठानचे डॉ. वेन फ्रीमन हे त्यांचे सहकारी. तैवानमधून आलेला ‘ताइचुंग नेटिव्ह-१’ हा बुटका वाण आणि ओडिशातील ‘टी-१४१’ हा उंच वाण यांच्या संकरातून त्यांनी ‘जया’ सिद्ध केली. बुटकेपण परदेशातून आले, मातीची ओळख ओडिशाने दिली. उंच भाताला खत घातले की तो माजतो आणि लोंबी भरताच आडवा होतो. बुटका भात खत पचवून उभा राहतो. अन्नटंचाईच्या त्या काळात एवढ्या एका गुणाने फार मोठे काम केले.

या प्रकल्पाची रीत वाचकांनी समजून घ्यावी अशी आहे. देशातील कोणत्याही केंद्रातील संशोधकाने नवा वाण तयार केला, की तो समाईक चाचणीत उतरवावा लागतो. तेथे त्याला केवळ एक क्रमांक मिळतो. कोणी घडवला, कोणत्या नामांकित संस्थेने घडवला, याला मोल नाही. मग तो निरनिराळ्या राज्यांतील केंद्रांवर, निरनिराळ्या मातीत आणि हवामानात, लागोपाठ काही हंगाम प्रस्थापित वाणांच्या शेजारी लावला जातो. कोणी उत्पन्न मोजतो, कोणी रोग तपासतो, कोणी कीड, तर कोणी शिजवून चव पाहतो. वर्षाकाठी सारे एकत्र बसतात आणि आकडे मांडतात. त्यांत जो टिकतो तो पुढे जातो. आमच्या शेजारच्या कोकणातील कर्जतचे केंद्रही या साखळीचा एक दुवा आहे. गेल्या सहा दशकांत देशात भाताचे हजाराहून अधिक वाण या वाटेने शेतकऱ्यापर्यंत गेले. गाव करील ते राव काय करील, ही आपली म्हण. या प्रकल्पाने ती विज्ञानाच्या क्षेत्रात खरी करून दाखवली.

सहकाराची ही रीत पुढे किती दूर गेली, याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘सांबा मसुरी’चे आहे. बापटला येथील केंद्राने १९८६ साली प्रसारित केलेला हा बारीक, चवदार तांदूळ दक्षिणेत घरोघरी पोहोचला. त्याच्या नावातील ‘मसुरी’ हीच एक प्रवासकथा आहे. १९५० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने कटक येथील संस्थेत भारतीय आणि जपानी कुळांच्या भातांचे संकर करून ते बी आग्नेय आशियातील देशांना वाटले गेले. मलेशियात त्यातून निवड होऊन ‘मसुरी’ निपजली आणि तीच पुढे भारतात परतली. बापटल्याच्या संशोधकांनी तिला तमिळनाडूच्या जुन्या ‘जीईबी-२४’ची आणि तैवानच्या बुटक्या वाणाची जोड दिली. एका ताटातील भातात इतक्या देशांचा वाटा!

पण या गुणी वाणाला एक वैगुण्य होते. कडा करपा हा जिवाणूजन्य रोग त्याला झटकन धरी. पानाच्या कडा पिवळ्या पडतात, वाळतात, आणि पाहता पाहता वाफाच्या वाफा करपतो. वादळी पावसात पाने एकमेकांवर घासून फाटली की जखमांतून जिवाणू आत शिरतो. किनाऱ्यावरील शेतकऱ्याला हे चित्र नव्याने सांगायला नको. १९७९ आणि १९८० साली वायव्य भारतात या रोगाने मोठा हाहाकार केला होता. यावर फवारणीचा खात्रीचा उपाय नाही. रोग सोसण्याची शक्ती पिकाच्या अंगातच असावी लागते.

ती शक्ती सापडली आफ्रिकेत. माली देशातील एक रानभात. त्याचे पीक कोणी घेत नसे. १९७७ साली कटकच्या संस्थेत डॉ. देवदत्त यांना असे आढळले की, या रानभाताला कडा करपा होत नाही. पुढे फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत, पंजाबातून गेलेले डॉ. गुरदेव खुश आणि त्यांचे सहकारी यांनी बारा वर्षांच्या खटपटीने त्या रानभातातील ही शक्ती लागवडीच्या भातात उतरवली. ज्या जनुकात ती वसते त्याला ‘एक्सए-२१’ असे नाव मिळाले. १९९५ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील पामेला रोनाल्ड यांच्या गटाने ते जनुक वेगळे करून दाखवले. पंजाब कृषी विद्यापीठाने त्याला आणखी दोन रोगप्रतिकारक जनुकांची जोड देऊन तिन्ही एकाच वाणात आणली. आणि मग हैदराबादेत राजेंद्रनगरची भातसंस्था आणि हबशीगुड्याचे सीसीएमबी यांनी हातात हात घालून ती तिन्ही जनुके ‘सांबा मसुरी’त उतरवली. भातसंस्थेचे डॉ. आर. एम. सुंदरम आणि सीसीएमबीचे डॉ. रमेश सोंटी यांच्या गटांचे हे काम. ‘सुधारित सांबा मसुरी’ या नावाने हा वाण २००८ साली प्रसारित झाला.

हे त्यांनी साधले कसे? संकर केला की बापाचे सारेच गुण येतात, हवे तेही आणि नको तेही. म्हणून संकरित रोपाचा पुन्हा पुन्हा मूळ ‘सांबा मसुरी’शीच संकर करीत जावे लागते. प्रत्येक पिढीत चव, बारीकपणा आणि उत्पन्न मूळ वाणाच्या जवळ जाते; मात्र त्याबरोबर हवी असलेली जनुके निसटून जाण्याचा धोकाही असतो. पूर्वी रोग लावून, पीक वाढवून, पाहून मगच निवड करावी लागे, आणि तीन जनुकांपैकी कोणते आले हे त्यातून उमगतही नसे. आता त्या जनुकांशेजारच्या खुणा प्रयोगशाळेत तपासता येतात. कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा घेतला की ती तिन्ही आहेत की नाहीत ते कळते. खुणा वाचण्याची विद्या एका संस्थेची, शेतात पीक पारखण्याची विद्या दुसऱ्या संस्थेची. दोन्ही संस्था निरनिराळ्या परिषदांच्या, निरनिराळ्या मंत्रालयांच्या. आपल्या देशात एका खात्याची फाइल शेजारच्या खात्यात जाण्यास किती काळ लागतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या सहकार्याची किंमत अधिक कळेल. पुढे तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने हा तांदूळ तपासला, तेव्हा तो खाल्ल्यावर रक्तातील साखर तुलनेने सावकाश वाढते असेही दिसून आले. मधुमेहींनी तो मनमुराद खावा, असा याचा अर्थ अर्थातच नव्हे.

माली, कटक, मनिला, कॅलिफोर्निया, लुधियाना, हैदराबाद. या साखळीतला एखादा दुवा जरी हात आखडून बसला असता, तरी दक्षिणेतील शेतकऱ्याच्या वाफ्यात तो वाण आला नसता. जे या वाणाचे, तेच भाताच्या संपूर्ण जनुकसंचाच्या वाचनाचे. ते वाचन दहा देशांनी वाटून घेतले आणि २००५ साली पूर्ण केले. अकराव्या गुणसूत्राचा काही भाग भारताच्या वाट्याला होता, आणि मालीच्या रानभाताकडून आलेले ते जनुक याच गुणसूत्रावर वसते. हे वाचन कुलपात न ठेवता सर्व जगाला खुले करण्यात आले. आज जगातील कोणत्याही विद्यार्थ्याला ते पाहता येते.

आमचा मुद्दा येथूनच सुरू होतो. नव्या वाणाच्या मागे एखादा एकटा जादूगार उभा असतो असे मानण्याची सवय आपल्याला लागली आहे. वृत्तपत्रेही त्यास अपवाद नाहीत. परंतु वाणाला एकच धनी नसतो. त्यात शास्त्रज्ञांचा वाटा आहे. तसाच, शेकडो वर्षे मूठभर बी पुढल्या हंगामासाठी कणगीत राखून ठेवणाऱ्या अनाम शेतकऱ्यांचाही आहे. ओडिशातील एका जुन्या देशी वाणात दोन आठवडे पाण्याखाली राहूनही तग धरण्याची शक्ती होती. त्याचे उत्पन्न बेताचेच होते. त्या शक्तीचे जनुक ‘स्वर्णा’ या लोकप्रिय वाणात उतरवल्यानंतर, २००९ सालापासून पूरग्रस्त मुलुखातील शेतकऱ्यांना त्याचा आधार मिळू लागला. केरळच्या किनाऱ्यावरील ‘पोक्कळी’ने खाऱ्या पाण्यात उभे राहण्याचे गुण साऱ्या जगाच्या भातसंशोधनाला दिले. ज्याला आपण जाडाभरडा, अडाणी म्हणून टाकून देतो त्याच्याच पोटात उद्याची गुरुकिल्ली असते.

पुरावे असे असूनही आज या समाईक संपत्तीभोवती कुंपणे उभी राहत आहेत. डॉ. आर. एच. रिछारिया यांच्या पुढाकाराने छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांतून जमवलेला हजारो देशी भातांचा संग्रह रायपूरच्या कृषी विद्यापीठात आहे. २००२ साली त्या संग्रहाबाबत सिंजेंटा या परदेशी बियाणे कंपनीशी करार होऊ घातला होता. शेतकरी आणि जाणकार रस्त्यावर उतरले तेव्हा तो गुंडाळावा लागला. २०१९ साली पेप्सिको कंपनीने गुजरातेतील काही बटाटा उत्पादकांना, आपला नोंदणीकृत वाण लावला म्हणून कोर्टात खेचले. देशभर ओरड झाल्यावर ते दावे मागे घेतले गेले. आपला २००१ सालचा कायदा शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा आणि विकण्याचाही अधिकार देतो. फक्त कंपनीच्या नावाची मोहर लावून त्याने ते विकू नये, एवढीच अट. जगात इतका उदार कायदा क्वचितच असेल. पण कायदा पुस्तकात आहे एवढ्याने शेतकरी निर्धास्त होत नाही.

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जनुकसंपादनाने घडवलेले भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांपैकी ‘कमला’ हा राजेंद्रनगरच्या संस्थेचा, याच ‘सांबा मसुरी’पासून केलेला. येथे परक्या जीवाचे जनुक घातलेले नाही. भाताच्याच एका जनुकात नेमका बदल केला आहे. उत्पन्न सुमारे १९ टक्क्यांनी वाढेल आणि पीक वीसेक दिवस आधी तयार होईल, असा सरकारचा दावा आहे. त्याच वर्षी चाचण्यांतील आकड्यांवरून वाद उपस्थित झाला. आक्षेप घेणाऱ्यांनी हे आकडे दाव्याशी जुळत नाहीत असे म्हटले आणि कृषी संशोधन परिषदेने ते आक्षेप फेटाळले. ज्या तंत्राने हे संपादन होते त्यावर परदेशी संस्थांचे स्वामित्वहक्क आहेत, त्यांचे काय, हाही प्रश्न विचारला गेला आहे.

या वादात आम्ही कोणाचे भाट नाही आणि कोणाचे वैरीही नाही. नव्या विद्येचे नाव ऐकताच अंगावर काटा येणे हे जसे शहाणपणाचे नव्हे, तसेच सरकारी पत्रकाला वेदवाक्य मानणे हेही नव्हे. समन्वित प्रकल्पाची सहा दशकांची पुण्याई एकाच गोष्टीत आहे: सर्वांचे बी एकाच शेतात, एकाच मापाने मोजले गेले आणि आकडे सर्वांसमोर मांडले गेले. तीच कसोटी या वाणांनाही लावावी. केंद्रवार, हंगामवार आकडे जसेच्या तसे प्रसिद्ध करावेत. स्वामित्वहक्काचा बोजा शेतकऱ्याच्या डोक्यावर येणार नाही, त्याला हे बी राखता आणि शेजाऱ्याला देता येईल, हे सरकारने लेखी सांगावे. सार्वजनिक पैशातून घडलेला वाण सार्वजनिकच राहिला पाहिजे.

आता आपल्या अंगणाकडे पाहू. दुसऱ्यांच्या कर्तबगारीचे आणि दुसऱ्यांच्या चुकांचे पाढे वाचणे सोपे असते. या साखळीत गोमंतकाचा दुवा कोणता? आमच्याकडे खाजने आहेत. भरतीचे पाणी बांधांनी अडवून आणि मानशींच्या दारांनी राखून, समुद्राच्या पातळीखालच्या जमिनीत पूर्वजांनी भात पिकवला. त्या खाऱ्या मातीसाठी त्यांनी ‘कोरगुट’सारखे वाण राखले. जुन्या गोव्याजवळच्या एला येथील किनारी कृषी संशोधन संस्थेने याच कोरगुटातून निवड करीत ‘गोवा धान-१’ आणि ‘गोवा धान-२’ हे क्षारसहिष्णू वाण पुढे आणले. शेजारी, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी केंद्राने ‘पनवेल’ मालिकेतील वाण दिले. म्हणजे आम्हांलाही देण्यासारखे काही आहे, आणि देता येते, हे सिद्ध झालेले आहे.

मग खाजने पड का पडतात? बांध फुटला की तो वेळीच बांधला जात नाही. मानशीची दारे कुजतात. लावणीला माणूस मिळत नाही. कुळांच्या संघटना कागदावर राहतात. एकदा खारे पाणी आत शिरले की दोन-तीन हंगाम गेले, आणि एकदा शेत पड पडले की त्यावर इतरांची नजर गेलीच. समुद्राची पातळी वाढत असल्याचे शास्त्रज्ञ सांगत आहेत. उद्या ज्या खारटपणाशी साऱ्या जगातील किनाऱ्यांना झुंजायचे आहे, त्याच्याशी आमचे पूर्वज शतकानुशतके झुंजले. ती झुंज ज्या बियात साठली आहे, ते बी आम्ही कणगीबरोबर घालवून बसलो, तर हैदराबादची कोणतीही प्रयोगशाळा ते परत घडवू शकणार नाही. प्रयोगशाळा जनुक हुडकते, हलवते, सुधारते. शून्यातून निर्माण करीत नाही. आणि बी केवळ शीतपेटीत ठेवून भागत नाही. ते दरसाल पेरले गेले तरच बदलत्या पाण्याशी आणि मातीशी त्याची ओळख टिकते.

म्हणून आमच्या राज्यकर्त्यांपुढे आणि शेतकऱ्यांपुढे चार गोष्टी आम्ही आग्रहाने ठेवू इच्छितो. पहिली: खाजन असलेल्या प्रत्येक तालुक्यात नव्याजुन्या वाणांचे चाचणीचे वाफे शेतकऱ्याच्याच शेतात असावेत. त्यांचा खर्च आणि त्यांतील नुकसानीची भरपाई राज्याने सोसावी, आणि आकडे समन्वित प्रकल्पाकडे पाठवावेत. दुसरी: वाण प्रसारित झाला की काम संपले, असे मानण्याची रीत सोडावी. पैदासकार बियाणे, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित, अशा पायऱ्या चढल्यावरच बी शेतकऱ्याच्या हाती येते. या पायऱ्या गोव्यातच, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांकडून चढता आल्या पाहिजेत. मृगाचा पाऊस कोसळून गेल्यावर पोहोचलेले उत्तम बियाणे हे उत्तम राहत नाही. तिसरी: उरलेसुरले देशी वाण, ते कोणत्या गावातून, कोणत्या घरातून मिळाले याच्या नोंदीसह जमवावेत आणि त्यांची कायद्यानुसार नोंदणी करावी. उद्या त्यातून काही मोलाचे निपजले तर लाभाचा वाटा त्या गावाला मिळण्याची तरतूद त्याच २००१ सालच्या कायद्यात आहे. नोंदच नसेल तर वाटा मागायचा कोणत्या तोंडाने? आणि चौथी: आमच्या मुलांनी या विद्येकडे वळावे. वैद्यकी आणि यंत्रविद्या यांपलीकडेही मानाची विद्या आहे, हे पालकांनी ध्यानी घ्यावे. उस्मानिया विद्यापीठात, सीसीएमबीत, राजेंद्रनगरला शिकून आलेली आमच्या खाजनकाठची दहा मुले या राज्यासाठी जे करतील, ते दहा सरकारी योजनांनी होणार नाही.

यावर कोणी म्हणेल की भात पिकवून पोट भरत नाही, शेजारच्या राज्यातला तांदूळ दुकानात स्वस्त मिळतो, मग हा खटाटोप कशाला? प्रश्न खोटा नाही. शेतकऱ्याला रास्त भाव मिळाल्यावाचून कोणताही वाण त्याला शेतात रोखून धरणार नाही, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु जे राज्य आपले सारे धान्य विकत आणते आणि आपले बीही विकत आणते, ते दुसऱ्याच्या दारातच उभे राहते. १९६५ च्या सुमारास साऱ्या देशाने ही अवस्था भोगली आहे. त्यातून आपण बाहेर पडलो ते एकट्यादुकट्याच्या कर्तृत्वाने नव्हे. ओडिशाने बी दिले, तैवानने दिले, अमेरिकेने माणसे दिली, हैदराबादने मेहनत केली, आणि गोव्यातल्या शेतकऱ्याने विश्वासाने ते बी आपल्या वाफ्यात पेरले.

आपल्या भाषेत ‘वाण’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक बियाचा प्रकार. दुसरे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सवाष्णी एकमेकींना देतात ते. त्या वाणाचा नियम असा की एका घरी घेतले की दुसऱ्या घरी द्यायचे. ते एकाच घरात अडकवून ठेवले तर प्रथाच मोडली. बियाच्या वाणालाही हाच नियम लागू पडतो, असे आम्ही म्हणू. चतुर्थीनंतरच्या दिवशी आम्ही शेतातून नव्याची कणसे घरी आणतो, त्यांची पूजा करतो, दारावर लावतो. त्या कणसांत मालीचा रानभात किंवा ओडिशाचा उंच भात असू शकतो, हे पूजणाऱ्याला ठाऊक नसले तरी बिघडत नाही. पण ज्या वर्षी ती कणसे बाजारातून विकत आणावी लागतील आणि त्यांत कोरगुटाचा एक दाणाही नसेल, त्या वर्षी या साखळीतील आमचा दुवा तुटलेला असेल. तो तुटू न देण्याचे काम हैदराबादचे नाही, दिल्लीचे नाही. ते आमचे आहे. पुढचा मृग लागण्यापूर्वी बांध, मानस आणि बी या तिन्ही गोष्टींचा हिशेब कृषी खात्याने जनतेपुढे ठेवावा, ही आमची मागणी आहे.